छोट्या विद्युत उपकरणांना वीस वर्षांचं पेटंट कशासाठी?

तंतू

आधी माझं मत सांगून टाकतो. रोजच्या वापरातल्या विद्युत उपकरणांमध्ये ज्या बारीकसारीक सुधारणा होतात, त्यांना अर्ज केल्यापासून वीस वर्षांची मक्तेदारी द्यायला नको. सात-आठ वर्षं भरपूर झाली.

साधा दिव्याचा डिमर उघडून बघा. एक ट्रायॅक (गेटला इशारा मिळाला की चालू होणारा सेमीकंडक्टर स्विच), एक डायॅक (ठरावीक व्होल्टेजपर्यंत वीज अडवून धरणारा भाग), एक पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर), दोन-तीन रेझिस्टर आणि कपॅसिटर. मेन्सच्या, म्हणजे घरातल्या एसी विजेच्या, प्रत्येक अर्ध्या लाटेत कपॅसिटर पॉटमधून भरत जातो. त्यावरचं व्होल्टेज साधारण तीस व्होल्टला पोचलं की डायॅक वाहू लागतो, ट्रायॅकच्या गेटला पल्स मिळतो आणि लाटेचा उरलेला तुकडा दिव्यापर्यंत जातो. पॉट फिरवलं की हा क्षण मागेपुढे होतो. लाट शून्यावर आली की ट्रायॅक आपोआप बंद. पूर्वीच्या ऱ्हिओस्टॅटमध्ये दिवा मंद केला की वाचलेली वीज तिथेच उष्णता होऊन वाया जायची. इथे ती मुळात घेतलीच जात नाही.

सुंदर कल्पना आहे, वाद नाही. पण खरी झेप कुठे होती? सेमीकंडक्टरमध्ये. जनरल इलेक्ट्रिकने १९५७ मध्ये एससीआर (एकाच दिशेने वीज सोडणारा तसाच स्विच) आणला, पुढच्या काही वर्षांत ट्रायॅक आला. त्यानंतर तो दिव्याला लाव, ड्रिलला लाव, शिलाई मशीनला लाव, आणि प्रत्येक वेळी नवं पेटंट. जर्मनीत १८९१ पासून अशा लहान शोधांसाठी वेगळं संरक्षण आहे, 'गेब्राउखसमुस्टर'. सखोल तपासणी न करता नोंदणी होते आणि जास्तीत जास्त दहा वर्षं टिकते. ग्राहकोपयोगी वस्तूंना याच धर्तीचं काही लागू करावं.

दुसरं म्हणजे पेटंटच्या जोरावर ग्राहकाला बांधून ठेवणं. प्रिंटरची वापरलेली काडतुसं भरून विकणाऱ्यांवर लेक्समार्कने पेटंटभंगाचा दावा लावला. २०१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटहक्क संपतो. हे सांगायला सर्वोच्च न्यायालय लागलं, यातच सगळं आलं.

अरुंधती_क

पूर्ण असहमत. माझं कामच पेटंटचे मसुदे लिहिण्याचं आहे, त्यामुळे 'यात नवं काय, हे भाग तर बाजारात मिळतात' हा आक्षेप सतत ऐकते. या आक्षेपाने एका माणसाच्या आयुष्याची किती वर्षं खाल्ली ते सांगते.

रॉबर्ट कर्न्स. थांबून थांबून चालणारा मोटारीचा वायपर. अर्ज १९६४ चा, पेटंट १९६७ चं. आत काय होतं? रेझिस्टर, कपॅसिटर, ट्रान्झिस्टर. कपॅसिटर रेझिस्टरमधून भरतो, ठरावीक व्होल्टेजला ट्रान्झिस्टर चालू होतो, वायपर एक फेरा मारतो, कपॅसिटर रिकामा होतो, पुन्हा भरायला लागतो. रेझिस्टर बदलता ठेवला की दोन फेऱ्यांमधली विश्रांती कमीजास्त करता येते. तुमच्या डिमरचंच भावंड म्हणा.

फोर्डचा बचाव नेमका तुमचाच होता: सगळे भाग आधीपासून ठाऊक आहेत, यात शोध कसला? ज्युरीने पेटंट वैध ठरवलं. १९९० मध्ये फोर्डने १ कोटी २ लाख डॉलर देऊन तडजोड केली, १९९२ मध्ये क्रायस्लरविरुद्धही निकाल कर्न्स यांच्या बाजूने लागला. रिमझिम पावसात काच कोरडी पडून वायपर कुरकुरणं हा त्रास सगळ्या चालकांना होता. मोठमोठ्या कंपन्यांची अभियंत्यांची पथकं त्यावर काम करत होती. भाग त्यांच्याकडेही होते. मग 'नुसती जोडणी' म्हणून ती कमी लेखायची कशाला?

जोडणी

अरुंधतीताई, कर्न्स यांचं उदाहरण मला तरी तंतूंच्याच बाजूचं वाटतं. फोर्डवर दावा १९७८ ला, पैसे १९९० ला. त्या काळी अमेरिकेत पेटंट मंजुरीपासून सतरा वर्षं चालायचं, म्हणजे निकाल लागेपर्यंत ते पेटंट कधीच संपलेलं होतं. एकट्या माणसाला लढावं लागलं, क्रायस्लरविरुद्ध तर बरीचशी वकिलीही स्वतःच करत. कागदावर वीस वर्षं असोत की दोन, वकिलांची फौज ज्याच्याकडे त्याचंच पेटंट खरं.

आणि संशोधक म्हणजे पेटंटचा मालक, हेही गृहीत धरू नका. निळ्या एलईडीवर शुजी नाकामुरा यांनी निचिया कंपनीत काम केलं. कंपनीने त्या शोधापोटी त्यांच्या हातावर २०,००० येन ठेवले. त्यांनी दावा केला, २००४ मध्ये टोकियोच्या न्यायालयाने २० अब्ज येन द्यायला सांगितले, कंपनी अपिलात गेली आणि २००५ मध्ये सुमारे ८४ कोटी येनवर मिटलं. २०१४ चं नोबेल ज्यांना मिळालं त्यांची ही गत. मुदत वाढवून-कमी करून यात काय फरक पडणार?

अरुंधती_क

@जोडणी, न्याय उशिरा मिळाला म्हणून हक्कच छाटायचा? उलट मुदत सात वर्षांवर आणली तर मोठी कंपनी एवढंच करेल: नोटिशीला उत्तरच देणार नाही. तारखा पडत राहतील, मुदत संपेल. छोट्या शोधकाला लांब मुदतीची गरज मोठ्यापेक्षा जास्त आहे.

नाकामुरा यांचा प्रश्न नोकरीच्या कराराचा आहे. तो महत्त्वाचा आहे, पण वेगळा.

@तंतू, ग्राहकाला बांधण्याबद्दल: क्युरिगच्या कॉफी कॅप्सूलची मूळ पेटंटं २०१२ मध्ये संपली. इतरांच्या कॅप्सूल बाजारात आल्या. त्यावर २०१४ मध्ये कंपनीने नवं यंत्र काढलं, ते झाकणावरची खास शाई वाचायचं आणि परक्या कॅप्सूलला नकार द्यायचं. म्हणजे कुलूप लागलं ते पेटंट गेल्यावर. पेटंट निदान तारीख लावून येतं, त्या शाईच्या कुलपाला मुदतच नव्हती. ग्राहकांनी ओरड केली म्हणून कंपनीला थोडं मागे यावं लागलं.

ओहम

मुदतीच्या भांडणात एक गोष्ट मागे पडतेय. मला त्याबद्दल मनापासून लिहायचंय, कारण माझं काम मोटर कंट्रोलमधलं आहे आणि ही फसवणूक मी वारंवार बघतो.

नासाच्या मार्शल केंद्रातले अभियंते फ्रँक नोला यांना १९७७ मध्ये एक पेटंट मिळालं: एसी इंडक्शन मोटरचा पॉवर फॅक्टर कंट्रोलर. कल्पना अशी. इंडक्शन मोटर रिकामी फिरत असली तरी पूर्ण व्होल्टेजवर चुंबकीकरणाचा करंट ओढत राहते. तो करंट व्होल्टेजच्या बराच मागे चालतो आणि वाइंडिंग व लोखंड तापवत राहतो. नोला यांनी व्होल्टेज आणि करंट यांच्यातलं हे अंतर सतत मोजलं. अंतर वाढलं, म्हणजे भार हलका आहे. मग ट्रायॅक उशिरा चालू करून मोटरला मिळणारं व्होल्टेज उतरवायचं. भार आला, अंतर घटलं, की व्होल्टेज परत वर. मोटरवर वेगळा सेन्सर नाही, मोटर स्वतःच आपला भार सांगते. मला हे अजूनही फार देखणं वाटतं.

पण याची मर्यादा सर्किटमध्येच उघड दिसते. बराच वेळ जवळजवळ रिकामी फिरणारी मोटर असेल, उदाहरणार्थ कारखान्यातलं प्रेस किंवा करवत, तरच फायदा. पुरेशा भारावर चालणाऱ्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरला नगण्य. नासाने परवाने दिले, बऱ्याच कंपन्यांनी उपकरणं काढली आणि घरोघरच्या फ्रिजसाठीही ती विकली गेली.

पुढची पायरी याहून वाईट. सॉकेटमध्ये खोचायच्या 'वीज वाचवणाऱ्या' डब्या. अशी एक उघडून पाहिली. जाड प्लॅस्टिक, आत काही मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर, हिरवा एलईडी आणि तो पेटवण्यापुरते रेझिस्टर-डायोड. व्होल्टेज मोजायला काही नाही, करंट मोजायला काही नाही, ट्रायॅक नाही. नोला यांच्या कल्पनेचा मागमूसही नाही. कपॅसिटर रिअॅक्टिव करंट (प्रत्यक्ष काम न करता नुसती ये-जा करणारा) थोडा भरून काढतो हे खरं, पण घरगुती मीटर खरी ऊर्जा मोजतो, किलोवॅट-तास. त्यामुळे बिलात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. आणि खोक्यावर ठळक अक्षरांत काय? 'पेटंटेड टेक्नॉलॉजी'.

लोक तो शब्द गुणवत्तेचा शिक्का समजतात. पेटंट कार्यालय मुख्यतः बघतं की कल्पना नवी आहे का, त्या क्षेत्रातल्या जाणकाराला सहज सुचण्यासारखी आहे का, प्रत्यक्षात वापरता येईल का. तुमची किती वीज वाचेल हे ते तपासत नाही. माझ्या दृष्टीने ग्राहकाचं नुकसान मुदतीपेक्षा या गैरसमजाने जास्त होतं.

दक्षता

ओहम, प्रतिसाद आवडला. मी एक वेगळा कप्पा उघडते: जीव वाचवणारी उपकरणं.

बर्कलीचे प्राध्यापक चार्ल्स डॅलझील यांनी माणसाच्या शरीरातून किती करंट गेला की काय होतं याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. हाताचे स्नायू आवळले जातात आणि पकडलेली तार सोडता येत नाही, ती पातळी त्यांनी मोजली. त्यातून ग्राउंड फॉल्ट इंटरप्टर आला: फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट यांत सुमारे ५ मिलिअँपिअरचा फरक पडला की पुरवठा तोडायचा. पेटंट १९६५ चं. तंतूंशी मी इथे सहमत आहे, किंबहुना पुढे जाऊन म्हणेन की अशा शोधांवर मक्तेदारी नकोच. व्होल्वोचे निल्स बोहलिन यांनी १९५९ मध्ये तीन बिंदूंचा सीटबेल्ट आणला आणि कंपनीने ते पेटंट सगळ्यांना खुलं ठेवलं. हे जमतं.

अरुंधती_क

जमतं, जेव्हा कंपनीचा धंदा मोटारी विकण्याचा असतो, पट्टे विकण्याचा नव्हे. ज्याचं पोटच त्या एका सुट्या भागावर आहे त्याने काय करावं?

विजेच्या किटलीचं उदाहरण घ्या. पाणी उकळलं की वाफ आतल्या वाटेने एका छोट्या बायमेटल चकतीपर्यंत येते. दोन धातू वेगवेगळे प्रसरण पावतात, चकती ताण साठवते आणि ठरावीक तापमानाला टक्कन उलटी होते, त्या झटक्यात संपर्क तुटतो. तो टक्क महत्त्वाचा, कारण संपर्क हळूहळू सुटले तर ठिणगी रेंगाळून ते जळतात. शिवाय किटली कोरडी चालू राहिली तर तोडणारा आणखी एक बंदोबस्त असतो. स्ट्रिक्सच्या जॉन टेलर यांनी अशा नियंत्रणांवर आयुष्यभर शेकडो पेटंटं घेतली. ती कंपनी मुख्यतः हे नियंत्रण बनवून इतरांना विकते. पेटंट काढून घ्या आणि सांगा पुढची, अधिक सुरक्षित आवृत्ती कोण बनवेल?

डॅलझील यांच्याबद्दलही: अमेरिकेच्या विद्युत संहितेने १९७५ मध्ये बाथरूममधल्या सॉकेटना हे संरक्षण सक्तीचं केलं, तेव्हा पेटंटची मुदत चालूच होती. पेटंट आडवं आलं नाही.

तंतू

आडवं येतं तेव्हा काय होतं तेही बघा. १८९३ चं शिकागोचं जागतिक प्रदर्शन. दिव्यांचं कंत्राट वेस्टिंगहाऊसला, पण एडिसनचं बल्बचं पेटंट न्यायालयात टिकलेलं, त्यामुळे एकसंध काचेचा बल्ब वापरता येईना. मग त्यांनी काचेचं बूच बसवलेला दोन तुकड्यांचा 'स्टॉपर' दिवा बनवला. तो कमी टिकायचा, सारखे बदलावे लागायचे. ज्ञान सगळ्यांकडे होतं, तरी जाणूनबुजून कमअस्सल वस्तू बनवावी लागली. पुढच्याच वर्षी पेटंट संपलं. अशी वाकडी वाट रोजच्या उपकरणांत किती ठिकाणी घेतली जात असेल!

किटलीच्या चकतीला मी वीस वर्षं आनंदाने देईन. त्यामागे धातूंवरचं, कारखान्यातल्या अचूकतेवरचं खरं काम आहे. माझा विरोध जुनं सर्किट नव्या डब्यात बसवून मिळवलेल्या पेटंटना आहे.

जोडणी

मग तो गाळ उपसायची सोय आहे की. २००७ चा केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स निकाल बघा. मोटारीच्या, जागा बदलता येणाऱ्या पेडलला इलेक्ट्रॉनिक सेन्सर जोडला होता. अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ओळखीचे भाग ओळखीच्या पद्धतीने जोडून अपेक्षितच परिणाम येत असेल तर पेटंट नाही. कर्न्स टिकतील, डबीवाले पडतील.

तंतू

पडतील, पण कोणीतरी न्यायालयात नेलं तर. तोवर छोटा उत्पादक नोटीस बघूनच माघार घेतो. म्हणून मी मुदतीच्या जागी दुसरा उपाय सुचवतो: नूतनीकरणाचं शुल्क. बहुतेक देशांत पेटंट जिवंत ठेवायला ठरावीक अंतराने पैसे भरावे लागतात, अमेरिकेत साडेतीन, साडेसात आणि साडेअकरा वर्षांनी. ग्राहकोपयोगी वस्तूंसाठी सातव्या वर्षानंतर हे शुल्क जबर वाढवा. ज्या पेटंटमध्ये दम आहे त्याचा मालक भरेल, बाकीची आपोआप मोकळी होतील.

अरुंधती_क

एकटा शोधक कुठून भरणार? शुल्क वाढवायचंच तर कंपनीच्या आकारानुसार वाढवा. लहान अर्जदारांना सवलत आजही आहे, ती शेवटपर्यंत टिकली पाहिजे. एवढी अट असेल तर मी यावर चर्चेला तयार आहे. सरसकट सात वर्षांना मात्र ठाम विरोध.

ओहम

शुल्काचं तुम्ही दोघं ठरवा, माझी मागणी साधी आहे. खोक्यावर 'पेटंटेड' लिहायचं असेल तर क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख सक्तीची करा.

अमेरिकेत खोटा पेटंट-शिक्का मारणाऱ्यावर कोणताही नागरिक दावा करू शकत असे, दर वस्तूमागे ५०० डॉलरपर्यंत दंड. संपलेल्या पेटंटचे क्रमांक पेल्यांच्या झाकणांवर छापल्याबद्दलचा खटला २०१० मध्ये अपील न्यायालयापर्यंत गेला होता. नुसत्या दंडाच्या आशेने दावे लावणाऱ्यांची संख्या वाढली हे खरं. पण २०११ च्या कायद्याने तो मार्गच बंद केला. आता दंडासाठी फक्त सरकार दावा करू शकतं, किंवा ज्या स्पर्धकाचं नुकसान झालं तो भरपाई मागू शकतो. संपलेल्या पेटंटचा क्रमांक छापत राहणं हा तर दोषच राहिला नाही. ग्राहक या सगळ्यातून बाहेर.

क्रमांक असेल तर निदान ज्याला बघायचंय तो मूळ पेटंट उघडून बघेल. नोला यांच्या पेटंटमध्ये सर्किट छापलेलं आहे. डबी उघडायची, शेजारी ते पान ठेवायचं आणि विक्रेत्याला विचारायचं, यातला ट्रायॅक कुठे आहे?