बोनस, मोटारसायकल आणि विधवेच्या दोन टोल्या

प्रश्नकर्ता (अहिल्यानगर):
सर्वांना ख्रिस्तात सलाम. यंदा मला साठ हजार रुपये बोनस मिळाला. पगाराचा दशमांश आम्ही दर महिन्याला मंडळीत देतोच. हे पैसे मात्र मी नव्या मोटारसायकलसाठी ठेवले होते. जुनी गाडी सोळा वर्षांची असली तरी चालते आहे, त्यामुळे नवी हवी आहे ती गरजेपेक्षा हौसेपोटी, हे मी मान्य करतो. गेल्या रविवारी पाळकांनी मार्काच्या शुभवर्तमानातील १२ व्या अध्यायात आपल्याजवळच्या दोनच टोल्या, म्हणजे अगदी कमी किमतीची नाणी, मंदिराच्या दानपेटीत टाकणाऱ्या दरिद्री विधवेवर उपदेश केला, आणि उपासना सुटल्यावर कळले की मंडळीतील एका विधवा भगिनीच्या मुलीची नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची फी अडली आहे. तेव्हापासून शोरूमसमोरून जाताना त्या गाडीकडे बघवत नाही, आणि पैसे देऊन टाकावेत म्हटले तर हातही सुटत नाही. अशा ओढाताणीत दिलेले दान देवाला चालते का?

पहिले उत्तर (पुणे):
पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचे ८ वा आणि ९ वा हे अध्याय सलग वाचावेत, अशी विनंती आहे. मासेदोनियातील मंडळ्यांनी कमालीच्या दारिद्र्यात असतानाही ऐपतीबाहेर दिले हे तो अभिमानाने सांगतो, पण ‘मी हे आज्ञा म्हणून सांगत नाही’ असेही लगेच स्पष्ट करतो. आणि पुढे, देणे भाग पडते म्हणून कोणी देऊ नये, असे बजावतो. विधवेच्या त्या दोन टोल्यांच्या अगदी आधी, ४० व्या वचनात, विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांना, म्हणजे यहुदी धर्मशिक्षकांना, येशूने धारेवर धरले आहे, हेही आपण उपदेशात फार क्वचित ऐकतो. म्हणजे त्या उताऱ्यात देणाऱ्याइतकाच घेणाऱ्यालाही धडा आहे. तुमच्याकडे कोणी मागितलेले नाही, तुमचे तुम्हालाच टोचले आहे, म्हणून ही ओढाताण मला वाईट वाटत नाही. हौस सोडताना काहीच दुखले नाही, तर ती हौस नव्हतीच.

दुसरे उत्तर (सातारा):
वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु एक गोष्ट राहिली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडली आणि आमच्या साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तशिष्यांचा बंधुसंघ उभा केला. त्या त्यागाबद्दल आम्हाला आजही आदर वाटतो. तथापि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला हेही दिसते की टिळकांच्या सढळ हाताची तोंडमिळवणी लक्ष्मीबाईंना करावी लागत असे. म्हणून आधी पत्नीशी बोलावे. तुमच्या औदार्याची झळ तिला तिच्या संमतीशिवाय बसली, तर ते दान तुम्ही तिच्या पदरातून केले असे होईल.

तिसरे उत्तर (ऐजॉल, मूळ गाव जालना):
नोकरीनिमित्त मी मिझोराममध्ये राहतो. येथील प्रेस्बिटेरियन पंथाच्या ख्रिस्ती घरांत ‘बुहफाई थाम’ नावाची प्रथा १९१० पासून चालत आली आहे. स्वयंपाकाला तांदूळ मोजून घेतल्यावर घरातील बाई त्यातून एक मूठ काढून वेगळ्या डब्यात टाकते. मंडळीतील स्त्रिया तो तांदूळ घरोघरी फिरून गोळा करतात, आणि त्याच्या विक्रीतून सुवार्तेचे व सेवेचे काम चालते. माझ्या शेजारच्या घरी मी हे रोज पाहतो. मूठ निघते ती तांदूळ धुण्याआधी, जेवणे उरकल्यावर उरलेल्यातून नव्हे. आपण मात्र आधी सगळे पैसे मनातल्या मनात खर्चून टाकतो आणि मग त्यातून काढू पाहतो, म्हणून हात सुटत नाही. या वेळचे तुम्ही ठरवालच, पण पुढच्या बोनसची मूठ तो हातात येण्याआधी ठरवून ठेवा.

प्रश्नकर्ता:
तिघांचेही मनापासून आभार. पत्नीशी बोललो. तिने विचारले, ‘फी नक्की किती आहे, हे तुम्ही विचारलेत तरी का?’ मी विचारलेच नव्हते. ती अडतीस हजार निघाली. पाळकांमार्फत परस्पर कॉलेजात भरली आणि आमचे नाव सांगू नये अशी त्यांना विनंती केली. उरलेल्यातून जुन्या गाडीचे इंजिन उघडून घेत आहे. नवी गाडी अजूनही हवीशी वाटते, ते काही गेलेले नाही. तांदळाच्या डब्याशेजारी आम्ही एक रिकामा डबा ठेवला आहे, आणि मुलाची मूठ लहान म्हणून तो दोनदा हात घालतो. आमच्या मंडळीत हा तांदूळ गोळा करण्याची पद्धत नाही, तेव्हा ऐजॉलच्या बंधूंनी तिकडे तो दर आठवड्याला नेतात की महिन्याला, एवढे कळवावे.