ई-२० आणि १४.७ चा आकडा

ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) भरल्यावरही हवा-इंधनाचं प्रमाण दाखवणारा मीटर १४.७ (शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला लागणारी हवा) दाखवतो, म्हणजे कॅलिब्रेशन बिघडलंय, पुन्हा करा, असा सल्ला काही जण देतात, तो मला पटत नाही. मोकळ्या हवेतल्या कॅलिब्रेशनमध्ये ऑक्सिजन सेन्सरच्या कंट्रोलरला फक्त २०.९ टक्के ऑक्सिजनचा एक बिंदू मिळतो. तिथे पेट्रोलच नसतं, मग इंधन बदललेलं त्याला कळणार कुठून? सेन्सर मोजतो तो लॅम्डा, म्हणजे मिळालेली हवा भागिले त्या इंधनाला नेमकी लागणारी हवा; १ म्हणजे नेमकं मिश्रण. त्याला १४.७ ने गुणून आकडा दाखवणं हे मीटरचं काम. ई-२० साठी खरं प्रमाण सुमारे १३.५ येतं, पण लॅम्डा १ ला मीटर १४.७ च म्हणणार, आणि ते बरोबरच आहे.

खरा धोका पुढे आहे. कुणी मीटरचा गुणक १३.५ केला आणि फुल थ्रॉटलला शुद्ध पेट्रोलच्या जुन्या तक्त्यातलं १२.५ च धरून ट्यूनिंग केलं, तर लॅम्डा ०.८५ ऐवजी ०.९३ च्या आसपास जातो. मिश्रण हवं त्यापेक्षा लीन, म्हणजे इंधन कमी. टर्बो गाडी अशी कात्रजचा घाट चढवायची म्हणजे पिस्टनवर संकट. म्हणून कृपा करून मीटर लॅम्डावरच ठेवा, पंपावर काहीही मिळो.

कॅलिब्रेशन करायचंच असेल तर सेन्सर एक्झॉस्टच्या पाइपमधून पूर्ण बाहेर काढून, गरम होऊ देऊन, उघड्यावर करा. सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये नको, तिथे शेजारच्या गाड्यांचा धूर साचलेला असतो. एलएसयू ४.९ (बॉशचा ऑक्सिजन सेन्सर) वापरणाऱ्या काही कंट्रोलरना तर याची गरजच नसते, कारण त्या सेन्सरच्या कनेक्टरमध्येच कारखान्यात जुळवलेला रेझिस्टर असतो. आधी मॅन्युअल बघा.