वहिनीचा फराळ आता राज्याबाहेर जाणार: जीएसटी कधीपासून लागतो? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

साताऱ्यात माझी वहिनी घरून फराळ करून विकते. भाजणीची चकली, पातळ पोह्यांचा चिवडा, अनारसे, उन्हाळ्यात उडदाचे पापड. शिवाय कॉलेजच्या मुलांना रोज दुपारचे डबे. मदतीला दोन बायका आहेत, दोघींना महिना नऊ-नऊ हजार. मागच्या वर्षी सगळी मिळून विक्री साधारण १६ लाख, त्यात डब्यांचे ३ लाख. एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेचा) परवाना आणि उद्यम (लघुउद्योग) नोंदणी आहे, जीएसटी नाही.

आजवर माल सातारा-पुण्याबाहेर गेला नाही. यंदा बेंगळुरूहून दिवाळीसाठी मोठी ऑर्डर येतेय, आणि पुण्यातली दोन जुनी गिऱ्हाइकं म्हणतात, आमच्या मुलांना अमेरिकेला परस्पर तुम्हीच पाठवा. हो म्हणण्याआधी कागदपत्रं नीट करून घ्यायची आहेत.

अडचण अशी की जितकी तोंडं तितके सल्ले. एक म्हणतो, ४० लाखांपर्यंत काही लागत नाही. ओळखीचे अकाउंटंट म्हणतात, कंपोझिशन (छोट्या व्यावसायिकांनी विक्रीवर ठोक दराने कर भरायची योजना) घ्या, १ टक्का भरा आणि निर्धास्त राहा. तिसऱ्याने तर सांगितलं, क्यूआर कोड काढून टाका, सगळं रोखीत घ्या. हे मला अजिबात पटत नाही. पहाटे चारला उठून भाजणी भाजणाऱ्या बाईने कमाई लपवायची कशाला? तिला चकलीचं मोठं मशीन घ्यायचंय, त्यासाठी कर्ज हवंय, आणि बँक खात्यातलेच व्यवहार बघणार.

तरी तिची धास्ती खोटी नाही. जुलै २०२५ मध्ये बेंगळुरूच्या छोट्या दुकानदारांना यूपीआयच्या आकड्यांवरून नोटिसा गेल्या, ती बातमी तिने वाचली आहे. तिची वही मी पाहिली. ‘चकली २ किलो, अनारसे ५० नग, ५०० आगाऊ, यूपीआय’ अशा नोंदी अगदी चोख. पण त्याच खात्यात भिशीचे पैसे येतात, दादाने घरखर्चाला पाठवलेलेही येतात. हे सगळं विक्रीत धरतील का?

जाणकारांनी कृपया सांगावं. घाई आहे, बेंगळुरूवाल्यांना उत्तर द्यायचंय.

प्रतिसाद: सांगलीकर सीए

आधी ४० लाखांचं बघू. ही मर्यादा फक्त माल विकणाऱ्यांना आहे. डबे म्हणजे खानावळ, आणि कायद्याच्या लेखी ती सेवा. त्यामुळे वहिनींची मर्यादा २० लाख. त्यात पापडही मोजायचे, त्यांच्यावर कर शून्य असला तरी. १६ लाखांवर आहात, म्हणजे राज्यातल्या राज्यात राहिलात तरी दोन दिवाळ्यांत तिथे पोचाल.

पण बेंगळुरूची ऑर्डर घेतलीत की हा हिशेबच लागू नाही. दुसऱ्या राज्यात माल विकायचा तर जीएसटी कायद्याच्या कलम २४ प्रमाणे पहिल्या पार्सलपासून नोंदणी सक्तीची, विक्री कितीही असो. पैसे पुण्याच्या गिऱ्हाइकाने भरले आणि पार्सल बेंगळुरूच्या घरी गेलं, तरी नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत पोचवण्याचा पत्ताच धरायचा. जून २०२४ च्या परिपत्रकात हे स्पष्ट केलंय.

अमेरिकेला थेट पाठवलंत तर ती निर्यात. त्यावर कर भरावा लागत नाही, पण जीएसटी नोंदणी, दरवर्षीचं एलयूटी (कर न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र) आणि आयईसी (आयात-निर्यात) क्रमांक लागतो. पहिल्या वर्षी माझं मत असं: पुण्याच्या गिऱ्हाइकाला माल पुण्यातच द्या, पुढे कुरिअर त्यांनी करावं. मग ती तुमची स्थानिक विक्री.

कंपोझिशन इथे बसत नाही. त्यात राज्याबाहेर विकता येत नाही, बिलात कर लावता येत नाही, तो १ टक्का स्वतःच्या खिशातून जातो, आणि उत्पादकाला पापडांच्या विक्रीवरही भरावा लागतो. डब्यांवर तर ५ टक्के. फक्त राज्यात विकणार असाल तरच विचार करा.

नेहमीची नोंदणी घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून पॅकबंद चिवडा-चकलीचा दर १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. ४०० रुपये किलोची चकली ४२० ला जाईल. त्यातून तेलावरचे ५ टक्के आणि पाऊच, कुरिअर, व्यावसायिक सिलिंडरवरचे १८ टक्के वजा मिळतील, फक्त बिलावर जीएसटी क्रमांक घालून घ्या. डब्यांवरही ५ टक्के, पण त्यांच्या सामानावर भरलेला कर वजा मिळत नाही. म्हणून डब्यांची खरेदी पहिल्या दिवसापासून वेगळी मांडा, नाहीतर वर्षअखेरीला डोक्याला ताप.

तिमाही विवरण निवडा. जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) तिमाहीनंतरच्या महिन्यात १३ तारखेपर्यंत, ३बी (कराचा गोषवारा) २२ पर्यंत, तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा कर त्या-त्या पुढच्या महिन्याच्या २५ पर्यंत. विक्री शून्य असली तरी विवरण भरायचं, नाहीतर रोज २० रुपये विलंब शुल्क.

राहिला व्यवसाय कर. वहिनींचा स्वतःचा पीटीईसी (व्यावसायिकाने स्वतःसाठी भरायचा व्यवसाय कर) वर्षाला २,५००, ३० जूनच्या आत. मदतनीस बायकांच्या पगारातून काही कापायचं नाही, महिलांना महिना २५,००० पर्यंत माफी आहे.

प्रतिसाद: घरचा मसाला

ताईंना सांगा, घाबरू नका. मीही घरूनच मसाले विकते. भिशी आणि नवऱ्याचे पैसे ही विक्री नव्हेच, पण विचारणा झाली तर ते दाखवून द्यावं लागतं. आजच वेगळं चालू खातं उघडा आणि क्यूआर त्यालाच जोडा. जुन्या खात्याचं स्टेटमेंट काढून प्रत्येक जमेपुढे पेन्सिलीने ‘भिशी’, ‘घर’, ‘विक्री’ लिहून ठेवा. आठवतंय तोवरच हे होतं.

नोंदणीला सरकारी फी नाही. घराचं लाइट बिल कुणाच्या नावावर आहे? सासूबाईंच्या असेल तर त्यांचं संमतीपत्र जोडा. माझा अर्ज तेवढ्यावरूनच अडकला होता.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. लाइट बिल आईच्याच नावावर आहे, संमतीपत्र उद्याच करतो. नोंदणी क्रमांक हातात आल्यावरच माल पाठवू, असं बेंगळुरूला कळवलंय. सीए साहेब, आणखी एक: फराळाच्या एकाच डब्यात चकली, चिवडा, अनारसे आणि पापड एकत्र दिले आणि किंमत एकच लावली, तर पापडांचा शून्य दर जातो का? की बिलात चार ओळी वेगळ्या दाखवायच्या?

प्रतिसाद: सांगलीकर सीए

एकच किंमत लावलीत तर मिश्र पुरवठा होतो, आणि त्यातला सर्वांत चढा दर पूर्ण डब्याला लागतो. म्हणजे पापडांवरही ५ टक्के. पापड वेगळ्या पुडीत, वेगळ्या किमतीने द्या आणि बिलात वेगळी ओळ करा.