झाकणाच्या आतली बाजू

महागड्या घड्याळांना मागं बंद झाकण असावं का आतलं दिसेल अशी काच, या चर्चेत एकानं लिहिलंय की लाखो रुपये मोजायचे आणि मशीन दिसणारच नसेल तर काय उपयोग, ते मला अर्धंच पटलं. मागच्या बाजूला काच असायला हरकत नाही, पण हल्ली डायलच कापून टूर्बियाँ, म्हणजे मशीनमधला तो गोल फिरणारा पिंजरा, दाखवतात ना, ते मला लग्नातल्या रुखवतासारखं वाटतं, सगळं मांडून ठेवायचं. अन् गंमत म्हणजे ब्रेगे नावाच्या घड्याळजीनं १८०१ साली पेटंट घेतलं तेव्हा टूर्बियाँ खिशातल्या घड्याळासाठी होतं आणि आत झाकलेलंच असायचं, काम वेळ बरोबर ठेवायचं, दाखवायचं नव्हतं. रोलेक्सनं पण बहुतेक मॉडेलना बंदच झाकण ठेवलं, प्लॅटिनमच्या डेटोनाला काच आली ती २०२३ ला.

अजून एक कुणी बोललं नाही. आमच्या आजोबांचं चावीचं एचएमटी जनता घड्याळ परभणीत एका म्हाताऱ्या कारागिराकडं नेलं होतं, त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, झाकण उघडलं अन् मशीन सोडून झाकणच माझ्यापुढं धरलं. आतल्या बाजूला सुईनं कोरल्यासारख्या बारीक खुणा, तारखा, कुणाची तरी आद्याक्षरं. म्हणे जो जो दुरुस्त करतो तो खूण करून ठेवतो, पुढच्याला कळावं कधी उघडलं होतं. चार खुणा होत्या, त्यातली एक १९८७ ची, त्यांची स्वतःचीच निघाली, बघून हसायलेच ते. आता काचेवर असं कुठं कोरणार?