ऑनर्स विथ रिसर्च घ्यायचंय, विषय बगॅसची राख: आधी काय करून ठेवावं?

कृष्णाकाठ
सिव्हिल, सहावं सेमिस्टर, स्वायत्त कॉलेज. शेवटच्या वर्षी १८ जादा क्रेडिटचं ‘ऑनर्स विथ रिसर्च’ घेता येईल असं परिपत्रक लागलंय. काँक्रीटमध्ये सिमेंटच्या जागी बगॅसची (साखर कारखान्यात जाळलेल्या उसाच्या चिपाडाची) राख ०, ५, १०, १५, २० टक्के, असे पाच मिक्स करायचे डोक्यात आहे. मे महिन्यात विषय नक्की करायचा आणि ऑगस्टपासून राख शोधायला लागायचं, असं ठरवलंय. प्लेसमेंटही तेव्हाच सुरू होतात. जमेल का?

दोन_तास_एक_क्रेडिट
आधी तास मोज. प्रॅक्टिकलचे आठवड्याला दोन तास म्हणजे एक क्रेडिट. १८ क्रेडिट दोन सेमिस्टरमध्ये वाटले की प्रत्येकी ९, म्हणजे आठवड्याला १८ तास. १५ आठवड्यांचं सेमिस्टर धरलं तर वर्षाला ५४० तास होतात, आणि हे सगळं नेहमीच्या पदवीच्या क्रेडिटवर जादा.

गाइडशी पहिल्याच भेटीत दोन गोष्टी लेखी ठरवून घे. एक, मेजर प्रोजेक्ट आणि हे काम यांची हद्द कुठे. दोन्हीकडे एकच विषय लावला की तोंडी परीक्षेत ‘यातलं ऑनर्सचं कोणतं?’ असं विचारतात आणि दाखवायला कागद नसतो. दुसरी, मध्येच सोडलं किंवा बॅकलॉग राहिला तर साध्या पदवीवर काय परिणाम होतो. हे नियम कॉलेजागणिक बदलतात, सीनियरच्या सांगण्यावर जाऊ नकोस.

घनमापी
ऑगस्टला राख शोधायला गेलास तर उशीर झाला. कारखान्यांचं गाळप मार्च-एप्रिलला संपतं. पावसाळ्यात यार्डात उरते ती भिजलेली, माती मिसळलेली राख. हंगाम चालू आहे तोवर जाऊन एकाच बॉयलरची, एकाच दिवसाची राख आण आणि हवाबंद पिंपात ठेव. वेगवेगळ्या दिवशी थोडी थोडी आणलीस तर प्रत्येक पोत्यातला न जळालेला कार्बन वेगळा निघतो.

किती लागेल? पाच मिक्स, तीन वयं (ओतल्यापासून चाचणीपर्यंतचे दिवस), प्रत्येकी ताकद तपासायचे तीन ठोकळे, म्हणजे क्यूब: एकूण ४५ क्यूब. १५० मिमीचा क्यूब ०.००३३७५ घनमीटरचा, तेव्हा वाया जाणारं धरून एकूण ०.१७ घनमीटर काँक्रीट. घनमीटरला ३८० किलो बाइंडर (सिमेंट अधिक राख) धरला तर दर मिक्सला जेमतेम १३ किलो, आणि राखेचे चारही मिक्स मिळून राख साडेसहा किलो. चाळण्यात, भाजण्यात आणि दळण्यात बरीच जाते, म्हणून २५ किलो आण.

पहिली चाचणी लॉस ऑन इग्निशनची, म्हणजे तापवल्यावर राखेचं वजन किती टक्के घटतं याची; त्यावरून न जळालेला कार्बन कळतो. तुलनेला फ्लाय अ‍ॅशच्या आयएस ३८१२ या भारतीय मानकातली ५ टक्क्यांची मर्यादा धर (फ्लाय अ‍ॅश म्हणजे कोळशाच्या वीजकेंद्रातली राख). काळीभोर राख बहुतेक त्याच्या वर जाते. तिला मफल फर्नेसमध्ये (लॅबच्या बंद भट्टीत) ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास पुन्हा भाजावं लागतं, मग बॉल मिलमध्ये बारीक दळायचं. हे टाळलं की कार्बन पाणी आणि सुपरप्लास्टिसायझर (पाणी न वाढवता काँक्रीट पातळ करणारं रसायन) दोन्ही पिऊन टाकतो आणि २० टक्क्यांचा मिक्स कोरडा पडतो. तेव्हा हात पाण्याच्या मगाकडे जातो, आणि तिथेच सगळा अभ्यास बिघडतो: ताकद राखेमुळे घटली की पाण्यामुळे, हे नंतर कोणीच सांगू शकत नाही. पाणी-बाइंडर गुणोत्तर पाचही मिक्सना एकच ठेव, स्लम्प, म्हणजे ओल्या काँक्रीटचा सैलपणा, फक्त सुपरप्लास्टिसायझरने जुळव आणि त्याचा डोस ग्रॅममध्ये वहीत लिही.

सोमवारचा_क्यूब
वयं ७, २८ आणि ९१ दिवस धर. राखेची पोझोलानिक क्रिया (सिमेंटमधल्या चुन्याशी होणारी, ताकद देणारी) संथ असते. नुसत्या २८ दिवसांवर थांबलास तर राख आहे त्यापेक्षा वाईट दिसते. ९० ऐवजी ९१ का? सोमवारी ओतलेल्या क्यूबचा ९० वा दिवस रविवारी येतो आणि लॅबला कुलूप. ९१ दिवस म्हणजे बरोबर १३ आठवडे, वार तोच. नऊ मोल्ड अडवून ठेवलेस तर रोज एक मिक्स, पाच दिवसांत ओतणं संपतं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ओतलंस तर ९१ दिवस नोव्हेंबरच्या सुरुवातीला येतात. त्या वर्षी दिवाळी कधी आहे ते बघून मशीनची वेळ आत्ताच लिहून ठेव. प्लेसमेंटचे दिवस क्यूरिंगच्या (क्यूब पाण्यात ठेवण्याच्या) मधल्या आठवड्यांत आले तर फारसं बिघडत नाही.

तीनांपैकी एखादा क्यूब सरासरीपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त हलला तर आयएस ५१६ प्रमाणे चाचणी पुन्हा घ्यावी लागते. त्यासाठी वेळ मोकळा सोड.

कृष्णाकाठ
खूप आभार, या शनिवारीच कारखान्यावर जातो. सिमेंट पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना) चालेल का? इथल्या दुकानात तेच मिळतं.

घनमापी
नाही. पीपीसीमध्ये आधीच १५ ते ३५ टक्के फ्लाय अ‍ॅश असते, म्हणजे तुझा शून्य टक्क्यांचा मिक्स शून्याचा राहतच नाही. ओपीसी, म्हणजे राख न मिसळलेलं साधं सिमेंट, ४३ किंवा ५३ ग्रेडचं घे. ५८ किलोच्या आसपास लागेल, तेव्हा दोन गोण्या, आणि दोन्हींवर छापलेला आठवडा एकच आहे ना ते दुकानातच बघ. त्या मात्र आत्ता घेऊ नकोस, ओतण्याच्या आठवड्यातच आण. पावसाळी हवेत गोणीत खडे धरतात.