दंड, दाम, साम: पर्यावरण धोरणांची ही विभागणी कामाची आहे का?

पाणवठा:
पर्यावरण धोरणं शिकायला लागलं की तीन कप्पे हातात पडतात: कायद्याची सक्ती, पैशाचं आमिष किंवा भुर्दंड, आणि माहिती-प्रबोधन. स्वीडिश अभ्यासक एव्हर्ट वेडुंग यांची ही मांडणी. आपल्या शब्दांत दंड, दाम, साम. माझ्या मते या कप्प्यांनी दिशाभूलच जास्त होते.

अमेरिकेची आम्लवर्षा योजना घ्या. कायदा १९९० चा, अंमल १९९५ पासून. वीजकेंद्रांनी सल्फर डायऑक्साइड (आम्लवर्षा घडवणारा वायू) हवेत सोडण्याचे परवाने आपसात विकायचे, म्हणून सगळे तिला बाजाराचं यश म्हणतात. पण धुराड्यावर सतत मोजणारं यंत्र सक्तीचं होतं. परवान्यापेक्षा एक टन जास्त सोडला की २००० डॉलर दंड, वर पुढच्या वर्षाच्या परवान्यांत तेवढीच कपात. हा बाजार दंडाच्या पायावर उभा होता! 'दाम' अशी चिठ्ठी लावली की योजनेची नक्कल करणारे त्यातला बाजार तेवढा उचलतात, यंत्र मागेच राहतं.

सरळरेघ:
अजिबात पटलं नाही. औषधं एकत्र दिली तरी कोणती गोळी कशावर, हे डॉक्टरला माहीत असावंच लागतं. आयर्लंडने २००२ मध्ये प्लास्टिक पिशवीवर १५ सेंट कर लावला, तोही थेट ग्राहकाकडून. बंदी नसताना वापर ९० टक्क्यांहून जास्त घटला. ओझोनचा थर विरळ करणाऱ्या सीएफसीला (फ्रिजमध्ये वापरली जाणारी रसायनं) मात्र 'पैसे भरा आणि वापरा' चाललं नसतं. १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराने उत्पादनावरच मर्यादा घातली, १९९० मध्ये लंडनला ते पूर्ण थांबवायचं ठरलं. कुठे कर पुरतो आणि कुठे बंदीच लागते, हे कप्प्यांशिवाय कसं ठरवणार?

पाणवठा:
त्याच लंडनच्या बैठकीत विकसनशील देशांचा खर्च भरून द्यायला निधीही ठरला. दंड आणि दाम एकाच कागदावर. निधी वगळून 'बंदी यशस्वी झाली' म्हणणं अर्धसत्य आहे.

आडवाट:
माझा कल पाणवठा यांच्याकडे. भोपाळनंतर अमेरिकेने १९८६ मध्ये कायदा केला: कारखान्याने कोणतं विषारी रसायन किती सोडलं ते दरवर्षी जाहीर करायचं. सोडण्यावर या कायद्यात मर्यादा नाही, पण माहिती दडवली तर दंड. हे साम की दंड? मी तर आधी एवढंच विचारेन: मोजतं कोण, आकडा कुणाच्या हाती जातो, आणि चुकलं तर आपोआप काय घडतं?

सरळरेघ:
प्रश्न चांगले आहेत, पण भार कुणावर पडतो हे त्यांत कुठेच नाही. कराचा चटका गरिबाला जास्त बसतो. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २००८ मध्ये कार्बन कर (इंधन जाळण्यावरचा कर) आणला तेव्हा आयकर कमी केला, कमी उत्पन्नवाल्यांना वेगळी सवलत दिली. हा 'कर' आहे असं नाव घेतलं म्हणूनच पैसे परत करण्याचा विचार झाला.

पाणवठा:
भाराचा मुद्दा मान्य, तो प्रश्न यादीत हवाच. पण आम्लवर्षा योजना तुम्ही कुठल्या कप्प्यात टाकणार, ते अजून सांगितलं नाहीत.