मदत हवी आहे : सेन्सरच्या अखंड येणाऱ्या डेटाचे गट कसे पाडावेत?

नमस्कार मंडळी. रावेर तालुक्यातील आमच्या केळीच्या बागेत 24 सेन्सर बसवले असून जमिनीतील ओल व तापमान दर 10 सेकंदांनी नोंदवले जाते; म्हणजे दिवसाला दोन लाखांवर नोंदी जमतात. ठिबक सुरू झाल्यावर ओल कशी चढते आणि वैशाखातल्या उन्हात कशी उतरते, यावरून बागेतील सारख्या वागणाऱ्या भागांचे गट आपोआप पडावेत, असा हेतू आहे.

सध्या दर तासाला सगळ्या नोंदींवर के-मीन्स (सारख्या नोंदींचे ठरावीक संख्येचे गट पाडणारी पद्धत) नव्याने चालवतो. ते शेतातल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला झेपत नाही (पत्र्याच्या खोलीत तोही तापतोच). प्रत्येक गटातील नोंदींची संख्या, बेरीज आणि त्यांच्या वर्गांची (स्क्वेअर) बेरीज एवढेच जपून मूळ नोंद सोडून देण्याची, बर्च (BIRCH) या गट पाडण्याच्या पद्धतीची 1996 मधील युक्ती मला पटते. मात्र जुन्या नोंदींचे वजन त्यात कालांतराने घटत नाही, म्हणून ते घटवत नेणाऱ्या डेनस्ट्रीम (DenStream) या पद्धतीकडे वळावेसे वाटते. परंतु रोजच्या पाण्याचा नेहमीचा चढउतार आणि ड्रिपर चोकअप झाल्याने आलेला खरा बदल यांत गल्लत होऊ नये, यासाठी वजन घटण्याचा वेग किती ठेवावा? अशा डेटावर प्रत्यक्ष काम केलेल्यांनी कृपया सांगावे.